आज्जी तारीख सांगत नाही, गटारी सांगते

वाचक विचारतात

मागच्या महिन्यात या पानाच्या तळाशी सहज दोन ओळी टाकल्या होत्या, की तुमच्या घरातलं कुणी जुन्या काळी बोट बुडून गेलं असेल तर ती आठवण घरात कशी ठेवलीय ते कळवा. खरं सांगतो, उत्तराची फार आशा नव्हती. मराठवाड्यात कुठला आलाय समुद्र, आपल्याकडं बुडायचं म्हणजे एकतर विहीर नाहीतर गोदावरी. पण पत्रं आली, व्हॉट्सॲपवर तर रात्री अकरालाही आली, त्यातली चार घेतोय. बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न : सर, मी अंबाजोगाईची, बीएड करायलेय. माझी आज्जी माहेरची रेवसकडची, अलिबाग तालुका. तिचे मामा पोलीस ॲक्शननंतर इकडं शाळेवर मास्तर म्हणून आले, त्यांनीच हे स्थळ आणलं, म्हणून ती एवढ्या लांब येऊन पडली. तिचे वडील मुंबईत गिरणीत होते. ते आणि तिचा मोठा भाऊ गटारीला घरी येताना रामदास बोटीत गेले. वडील सापडलेच नाहीत. आज्जी तेव्हा आठ वर्षांची, आता पंच्याऐंशीच्या पुढं गेलीय, आणि मला हे सगळं लिहून ठेवायचंय पण ती सरळ काही सांगतच नाही. तारीख विचारली की गटारी म्हणते. कधी म्हणते मी धक्क्यावर वाट बघत होते, कधी म्हणते मी घरी तापानं पडले होते. अलिबागचे नातेवाईक म्हणतात ती घरीच होती. एकदा तर ती तुकाराम बोट म्हणाली. यातलं खरं काय धरू? तिच्याजवळ वडिलांचं एक पोस्टकार्ड आहे, "गुरुवारच्या बोटीने येतो" एवढंच नीट वाचता येतंय, हरिपाठाच्या पुस्तकात ठेवलंय, पार पिवळं पडलंय. लॅमिनेट करून आणू का?

उत्तर : आधी शेवटचं सांगतो कारण तू उद्याच दुकानात जाशील. लॅमिनेट करू नको. बाई गं, करू नको. मी हे पाप स्वतः केलंय. माझ्या आजोबांची निजामाच्या काळातली एक उर्दू सनद होती, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मोठ्या हौसेनं चौकातल्या दुकानातून लॅमिनेट करून आणली, चकचकीत झाली म्हणून पाहुण्यांना दाखवत बसलो. आज तो कागद आतल्या आत तपकिरी व्हायलाय, कडेला बुडबुडे आलेत, आणि प्लास्टिक सोलायला गेलं की अक्षरासकट निघतं. एक कोपरा मी सोलून बघितला, तिथलं अर्धं शिक्कामोर्तब गेलं. दुकानदाराचा काही दोष नाही, अक्कल माझी.

तर कार्डाला प्लास्टिक नको, सेलोटेप नको, मागं पुठ्ठा चिकटवायचा तर मुळीच नको. ओल्या हातानं धरू नको, कारण त्या काळी लोक बऱ्याचदा शाईपेन्सिलीनं लिहायचे आणि तिला पाण्याचा थेंब लागला की सगळं जांभळं पसरतं. दुपारी ओसरीवर सावलीत कार्ड ठेव, मोबाईलचा फ्लॅश बंद कर, दोन्ही बाजूंचे फोटो काढ, पोस्टाचा शिक्का वेगळा जवळून काढ, बघ त्यात तारीख लागते का. फोटो भावंडांना पाठवायचे असतील तर व्हॉट्सॲपवर नुसते फोटो म्हणून पाठवू नको, ते बारीक होऊन जातात, डॉक्युमेंट म्हणून पाठव. आणि हो, कार्ड हरिपाठात कोणत्या पानाला ठेवलेलं असतं त्या पानाचाही एक फोटो काढून ठेव. आज्जीनं ते तिथंच का ठेवलं हे तुला आज कळणार नाही, पण पुस्तक एकदा झाडून ठेवलं की तो पत्ता कायमचा जातो. मग साध्या पांढऱ्या कागदाचं पाकीट कर, त्यात न दुमडता ठेव, पत्र्याच्या ट्रंकेत ठेव. तुमचं घर माळवदाचं असेल तर ट्रंक गळतीखाली नाही ना आणि भिंतीला चिकटून नाही ना हे मिरगाच्या आधी बघून घे. वाळवीला इतिहासाची लई गोडी असते.

आता तारखेचं. तू म्हणतेस ती तारीख सांगत नाही, अगं ती तारीखच सांगायलीय. रामदास बोट बुडाली १७ जुलै १९४७ ला, त्या दिवशी आषाढ अमावस्या होती, म्हणजे गटारी. आणि वार गुरुवारच होता. तुझ्या पणजोबांच्या कार्डावरचा वार बरोबर जुळतो. मला तर ते वाचून जरा वेळ सुचलंच नाही. म्हातारीनं तिथी सांगितली की आपण ती खोडून तिथं इंग्रजी तारीख टाकतो, तसं करू नको. तिची गटारी आधी लिही, तारीख तिच्या खाली बारीक अक्षरात.

बोटीबद्दल तुला लागेल एवढं सांगतो. सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून सुटली, रेवसला चालली होती, फार तर दीड तासाचा रस्ता. अमावस्येला घरी जायचं म्हणून चाकरमानी खच्चून भरलेले. पुढं दर्यात पाऊस-वारा वाढला आणि काशाच्या खडकाजवळ, साडेआठ-पावणेनऊच्या दरम्यान, एका मोठ्या लाटेनं बोट कलली, माणसं घाबरून एका बाजूला धावली आणि ती उलटली. बोटीवर वायरलेस नव्हता. मुंबई एवढ्या जवळ असून शहराला दुपार टळेपर्यंत पत्ता नाही. जे वाचले त्यातले बरेच कोळ्यांच्या होड्यांमुळं वाचले, होडीतला मासा परत पाण्यात ओतून माणसांना जागा केली असं तिकडं सांगतात. गेले ते सहाशेच्या वर. नेमका आकडा प्रत्येक ठिकाणी वेगळा छापलेला दिसेल, तेव्हा तू तुझ्या वहीत एकच आकडा ठोकून देऊ नको, कुठं काय वाचलं ते लिही. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं, पेपरात सगळी जागा फाळणीला, म्हणून ही बातमी लवकर मागं पडली असं मला वाटतं.

आणि ती तुकाराम म्हणाली म्हणून तिला चुकीत काढू नको. तुकाराम नावाची बोट खरंच होती, जयंती आणि तुकाराम या दोन्ही १९२७ च्या नोव्हेंबरात बुडाल्या. रेवसकडच्या घरांत या तिन्ही बोटी एकाच दमात सांगितल्या जात असणार, पोरीच्या कानात त्या तशाच बसल्या. हे सुद्धा लिही, की अमुक दिवशी आज्जी तुकाराम म्हणाली.

धक्क्यावर होती की अंथरुणात. दोन्ही लिही. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, तेव्हा घरात कोण होतं, असं प्रत्येकाच्या पुढं लिही. अलिबागवाल्यांचं वेगळं लिही. निकाल लावायला तू काही कोर्ट नाहीस. आपण लोक काय करतो, तीन जणांचं ऐकून त्यातून एक गुळगुळीत गोष्ट करतो, आणि मग ती कोणाचीच राहत नाही. आठ वर्षांच्या पोरीनं तापात धक्का बघितला असेल, किंवा दुसऱ्या दिवशी मामाच्या कडेवर जाऊन बघितला असेल, किंवा साठ वर्षं रोज मनात जाऊन उभी राहिली असेल. तुला काय माहीत. मला तरी काय माहीत.

तू पत्राच्या मागच्या बाजूला जाता जाता एक ओळ लिहिलीस, की आज्जी कोकणातली असून मासे खात नाही, सासरी माळकरी होते म्हणून सोडले असं घरात सगळे म्हणतात. तिला विचारलंस का कधी सोडले ते? लग्नाआधी का नंतर? माझा अंदाज सांगत नाही, तू विचार. पण असं समोर वही-पेन घेऊन "आज्जी, बोटीचं सांग" म्हणून बसू नको, ती गप्पच होणार. शेंगा फोडायला बस, नाहीतर मेथी निवडायला, मोबाईल बाजूला उताणा ठेव, रेकॉर्डिंग चालू आहे हे तिला आधी सांगून ठेव, चोरून नको. मग त्या दिवशी घरात काय शिजवलं होतं ते विचार. गटारीचं जेवण होतं, वाट बघणं होतं, चुलीवर काहीतरी असणारच ना. त्याचं पुढं काय झालं ते विचार. अंगात कोणता फ्रॉक होता, आई कुठं बसली होती, पहिलं कोण येऊन काय बोललं. वीस मिनिटं झाली की थांब, रडली तर बंद कर, पाणी दे, दुसऱ्या दिवशी नाव काढू नको. दिव्याच्या आवसेच्या आसपास मात्र विचारू नको, त्या दिवसांत ती तशीच तिकडं गेलेली असते, आपण वर आणि ओढायचं नाही.

कागद शोधायचे तर एक लक्षात ठेव, रायगड म्हणून शोधलंस तर हात हलवत येशील, तो जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता. गावच्या मयताच्या नोंदी गाव नमुना १४ आणि कोतवाल बुकात असतात, ते तहसीलच्या रेकॉर्ड रूमला विचारायचं, पण देहच सापडला नाही तर नोंद झालेली नसेलही, भावाची मात्र असू शकते. मुंबईला गेलीस तर दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात १८ जुलै १९४७ पासूनचे जुने पेपर माग आणि दोन-तीन आठवडे पुढंपर्यंत बघ, सापडलेल्यांची नावं बघायची तर पहिल्या दिवसाच्या पेपरावर थांबून भागायचं नाही. लोकसत्ता मागू नको, तो निघालाच जानेवारी १९४८ ला. सरकारी कागद एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागारात बघायचे. शिवाय देह न सापडलेल्या माणसाचा दर्भाचा नाहीतर पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करतात, पालाशविधी म्हणतात त्याला. तो तुमच्याकडं केला होता का, कुठं केला, विचारून ठेव. नाशिक-त्र्यंबकला कुणी गेलं असेल तर तिथल्या उपाध्यांच्या वहीत तुझ्या पणजोबांच्या गावानं आणि आडनावानं नोंद निघू शकते, आणि ती खाली सही करणाऱ्याच्या हातची असते, ते बघून अंगावर काटा येतो.

प्रश्न : तुमच्या मासिकाला दुसरे विषय नाहीत का? मराठवाड्यात बोटी बुडायल्या का? आधी किल्लारीचं लिहा. (लातूर)

उत्तर : लिहा की तुम्ही, मी छापतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जो पंचवीस वर्षांचा होता तो आता साठीला आलाय, आणि वर त्या पोरीला जे सांगितलं ते सगळं तिथंही लागू आहे. जुन्या गावाच्या जागेवर तुमच्या घराचा उंबरा कुठं होता हे दाखवणारं माणूस घरात असेल तर त्याला या रविवारी घेऊन जा, मला पत्र नंतर लिहा.

प्रश्न : नमस्कार सर. आमचे पणजोबा टायटॅनिकवर खलाशी होते आणि त्यातच गेले असं आमच्या घरात पहिल्यापासून सांगतात. गणपतीत सगळे जमले की हा विषय निघतोच. पुरावा काही नाही. पोरं हसायलेत. (धाराशिव)

उत्तर : पोरांना हसू द्या, पण त्यांनाच कामाला लावा. टायटॅनिक १५ एप्रिल १९१२ ला बुडाली, दीड हजाराच्या आसपास माणसं गेली, आणि त्या एका बोटीचं कसंय की तिच्यावरच्या प्रवाशांची आणि नोकरांची नावानिशी यादी पूर्ण छापलेली आहे, नेटवर फुकट बघता येते. अर्ध्या तासाचं काम. नाव सापडलं तर पुढची मिरवणूक तुमच्या दारातून, नाही सापडलं तर घरच्या म्हाताऱ्यांना खोटं ठरवू नका एवढीच विनंती.

माझं म्हणणं असं, की पणजोबा बोटीवर गेले आणि परत आले नाहीत एवढं बहुतेक खरं असेल. बोटीचं नाव मागून चिकटलेलं असेल. गेलेल्या माणसाच्या बोटीचं नाव कोणाला आठवत नाही, आणि जगात सगळ्यांना माहीत असलेली बोट एकच. पहिल्या महायुद्धात आपल्याकडचे खलाशी इंग्रजांच्या जहाजांवर ढिगानं होते आणि ती जहाजं जर्मन पाणबुड्यांनी बुडवली, उदाहरणार्थ पर्शिया नावाची प्रवासी बोट ३० डिसेंबर १९१५ ला क्रीट बेटाजवळ बुडाली, तीनशेच्या वर माणसं गेली. त्या युद्धात गेलेल्या दोन हजारांहून जास्त हिंदी खलाशांचं स्मारक मुंबईत खलाशांच्या वसतिगृहात, इंडियन सेलर्स होममध्ये आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साईटवर नाव टाकून शोधता येतं, फक्त इंग्रजांनी आपली नावं कशी लिहिली असतील याचा भरवसा नाही, तेव्हा पाच-सहा स्पेलिंगं करून बघा. आणि घरच्या वहीत "टायटॅनिक" हा शब्द राहू द्या, पुढं लिहा की घरात असं सांगतात.

प्रश्न : सर, आदाब. परभणीहून लिहितोय. माझ्या दादांचे, म्हणजे आजोबांचे, थोरले भाऊ मोंबासाला दुकानात कामाला जाणार होते, मुंबईहून निघाले आणि तिलावा बोट बुडाली त्यात गेले असं आम्हाला माहीत आहे. घरात उर्दूतली चार पत्रं आणि एक अर्जाची नक्कल आहे, तो अर्ज त्यांच्या वडिलांनी तहसीलला दिलेला, मुलाची खबर मिळावी म्हणून. आम्हा भावंडांना उर्दू बोलता येतं, वाचता येत नाही, शाळा मराठी. एका ओळखीच्यांनी वाचून सांगितलं की अर्जावर "बहमन १३५२" लिहिलंय. मी मोबाईलवर हिशेब केला तर हिजरी १३५२ म्हणजे १९३३ साल निघतं, आणि तिलावा तर १९४२ ला बुडाली. म्हणजे घरातली गोष्ट खोटी का? चुलते तर म्हणायलेत की आता हे प्रकरण बंद कर.

उत्तर : गोष्ट खोटी नाही साहेब, तुमचं कॅलेंडर चुकलं. बहमन हा हिजरी महिनाच नाही. हिजरीत मोहरम, सफर, रमजान असे महिने. आजर, दै, बहमन, इस्फंदार हे निजामाच्या सरकारी फसली सालाचे महिने, आणि फसली साल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आजर महिन्यानं सुरू व्हायचं. फसलीत ५९० मिळवा, ऑक्टोबर ते डिसेंबरचं इंग्रजी साल मिळतं, त्यापुढच्या महिन्यांना ५९१. म्हणजे १३५२ फसली ऑक्टोबर १९४२ ला लागलं, आणि बहमन तिसरा महिना, डिसेंबरच्या आसपास येतो. तिलावा बुडाली २३ नोव्हेंबर १९४२ ला. बोट गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, मुंबईहून काही कळेना म्हणून, बापानं तहसीलला अर्ज दिला. किती बरोबर बसतंय बघा. हे चुलत्यांना अगदी असंच वाचून दाखवा.

मराठवाड्यातल्या १९४८ च्या आधीच्या कुठल्याही कागदाला हा घोटाळा होतो, मग ती शाळेची टीसी असो नाहीतर जमिनीचा कागद. कुणबी नोंदी शोधायच्या निमित्तानं २०२३ पासून उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला, त्याआधी ही मंडळी नुसती बसून होती. त्यामुळं आता परभणीत वाचणारं माणूस सापडायला त्रास नाही.

बोटीचं थोडं. तिलावा २० नोव्हेंबरला मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून मोंबासा, पुढं दरबानकडं निघाली, वर सातशेच्या वर प्रवासी आणि दोनशेच्या वर खलाशी. तिसऱ्या दिवशी जपानी पाणबुडीनं दोन टॉर्पेडो मारले, दोन्हींत बराच वेळ होता. २८० माणसं गेली. उरलेले लहान होड्यांत दोन दिवस तरंगत होते, मग बर्मिंगहम नावाच्या इंग्रजी युद्धनौकेनं आणि कार्थेज जहाजानं त्यांना उचललं आणि मुंबईला आणून सोडलं. म्हणून दुसरी एक गोष्ट विचारून ठेवा, की वाचलेल्यांपैकी कोणी तुमच्या घरी निरोप घेऊन आलं होतं का, कारण परत आलेली माणसं त्याच मुंबईत उतरली होती.

बोटीत दक्षिण आफ्रिकेच्या सरकारची चांदी होती, २,३६४ विटा. त्या २०१७ ला समुद्राच्या तळातून वर काढल्या, इंग्लंडच्या सुप्रीम कोर्टापर्यंत खटला चालला, २०२४ ला निकाल लागला. एकेका विटेचा हिशेब लागला म्हणजे बघा. २०२२ ला ऐंशी वर्षं झाली तेव्हा गेलेल्यांचे आणि वाचलेल्यांचे घरचे मुंबईत जमलेही होते. यातली बरीच घरं गुजरातकडची. तुमच्या दादांच्या भावाचं नाव त्यांच्यापर्यंत पोचवा, परभणीतून पण एक जण होता हे त्यांना कळू द्या. नाव पाठवताना नुसतं मराठीत किंवा इंग्रजीत नको, उर्दू अर्जातली नावाची ओळ फोटो काढून सोबत लावा.

निजामाच्या तहसिलीतला मूळ अर्ज कुठं असेल म्हणाल तर आधी संभाजीनगरच्या पुराभिलेखागारात विचारा, तिथं नाही तर हैदराबादला तारनाक्याचं राज्य पुराभिलेखागार. जाताना नकलेवर कुठल्या कचेरीचा शिक्का आहे आणि जावक नंबर काय आहे ते उतरवून न्या, त्याशिवाय तिथला माणूस हलणार नाही.

आणि पत्रं. वाचून घेताना नुसता मतलब सांगा म्हणू नका, शब्दन् शब्द मोठ्यानं वाचायला लावा आणि रेकॉर्ड करा. आमच्या सनदेच्या वेळी एका मौलवी साहेबांनी दोन मिनिटांत "जमिनीचं आहे" एवढं सांगून चहा घेतला होता, दुसऱ्यांदा सावकाश वाचायला लावलं तेव्हा त्यात पणजीचं नाव निघालं, जे घरात कोणालाच माहीत नव्हतं. तुमच्या चारही पत्रांच्या शेवटी सलाम-दुआ असेल, कोणाकोणाला सलाम सांगितलाय ती नावं एका कागदावर उतरवा, १९४२ च्या नोव्हेंबरात तुमच्या घरात कोण कोण होतं त्याची ती यादीच आहे. दादांचं नाव त्यात असेल, तेव्हा ते किती लहान असतील.

मूळ पत्रं घेऊन हिंडू नका, मोठी झेरॉक्स काढा, डबल साईज. वाचणारे बहुतेक पंचाहत्तरीच्या पुढचे असतात, त्यांना बारीक अक्षर दिसत नाही आणि ते तसं सांगतही नाहीत.